लातूरमधला एक जिना

एप्रिलमध्ये मराठवाड्यात जाऊ नये असं सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. तरी मी गेले, कारण उज्ज्वलाने फोनवर दत्तूच्या मुलीचं नाव घेतलं.

भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या युवा पथकाने औसा तालुक्यातल्या एका गावात शिबिर घेतलं होतं. मुलांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा, खेळ, गाणी, दुपारची खिचडी. तेव्हा मी पंचविशी ओलांडली होती आणि दत्तू दुसरीतला, न बोलणारा मुलगा होता. ते शिबिर अजून दर उन्हाळ्यात भरतं. आता ते पथकातली माझी मैत्रीण उज्ज्वला बघते. तिथल्याच तरुण मुलामुलींमधून एकाचा दरवर्षी सन्मान होतो आणि यंदा शिबिरातल्या मुलींनी ऋतुजाचं, म्हणजे दत्तूच्या लेकीचं नाव निवडलं होतं. सन्मान माझ्या हातून व्हावा अशी उज्ज्वलाची इच्छा होती.

"पण अडचण आहे," ती म्हणाली. "ऋतुजा लातूरला मेडिकलच्या क्लासला आहे. होस्टेलवाले सोडत नाहीत आणि दत्तू म्हणतो, अभ्यास बुडेल."

पथकाचे दोन नियम आहेत, ते इथेच सांगून टाकते. पहिला, सन्मान काम केल्यावर लगेच द्यायचा नाही, वर्षभराने द्यायचा. भूकंपानंतर आमच्या डोळ्यांदेखत इतक्या गोष्टींची उद्घाटनं झाली आणि पहिल्या पावसात त्या बंद पडल्या, की काम टिकलं का ते बघूनच कौतुक करायचं असं ठरलं. दुसरा, जे द्यायचं ते ज्याचं त्याच्या हातात. त्या काळात मदतीची पाकिटं भलत्याच हातांत गेलेली आम्ही पाहिली होती. त्यामुळे ऋतुजा समोर आली नाही, तर तिचा सन्मान कुणाकडेच देता येणार नव्हता.

"तू दत्तूशी बोल," उज्ज्वला म्हणाली. "तुझं ऐकेल."

थेट लातूरची गाडी सोडून, वाट वाकडी करून मी पुण्याहून नांदेडपर्यंत रेल्वेने गेले. स्लीपरचं तिकीट परवडतं, पण उन्हाळ्यात जाणार असाल तर एसीचे जास्तीचे पैसे मोजा. मी माझ्या वयाचा मान राखला. नांदेड माझं माहेरचं गाव. आता तिथे माझं कुणी नाही, तरी उतरल्यावर रिक्षा आपोआप माझ्या जुन्या कॉन्व्हेंट शाळेकडे वळवली. सुट्टीमुळे फाटक बंद होतं. गुलमोहर होता तिथे पार्किंगचं शेड आलंय. शनिवारी सिस्टर आम्हाला वस्तीत सेवेला न्यायच्या तेव्हा त्या गुलमोहराखाली रांग लागायची आणि बुटांची तपासणी व्हायची. सिस्टर म्हणायच्या, मदतीला जाताना बूट चकचकीत हवेत, समोरच्याला वाटलं पाहिजे की आपल्यासाठी कुणीतरी तयार होऊन आलंय. फाटकाबाहेर उभी राहून मी सवयीने खाली पाहिलं. पायात प्लास्टिकच्या चपला होत्या.

स्टँडजवळ तहरी, म्हणजे तिथला मसालेदार भात, खाल्ली. मोठी प्लेट असते, दोघींत एक घ्या. मग लातूरची एसटी पकडली, लोहा आणि अहमदपूरमार्गे. आता बायकांना अर्धं तिकीट असल्याने गाडी आम्हीच भरून टाकली होती. रस्ता बराच चांगला आहे, मध्येच कामाची वळणं आहेत, चार तास धरून चाला. डावीउजवीकडे नांगरलेली काळी रानं आणि प्रत्येक गावाच्या वेशीवर डॉक्टर झालेल्या मुलामुलींच्या अभिनंदनाचे फलक.

लोह्याला एक बाई चढली. डोक्यावर पिठाचं पोतं, हातात कुकर.

"कुठं निघालाव मावशी, संसार घेऊन?" कंडक्टर म्हणाला.

"लातूरला. पोराचा सैपाक करून राहिले खोलीवर. रिपीटर हाय."

"कितव्यांदा?"

"दुसऱ्यांदा."

"मग आता तुमीच बसा की परीक्षंला. ऐकून ऐकून पाठ झालं आसंल."

"बसले आसते रं, पण मग भाकरी कोण थापंल?" बाई म्हणाली आणि अर्धी गाडी हसली. तीही हसली. मग अहमदपूरपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली. अहमदपूरच्या स्टँडवर मी भजी घेतली, कागद तिच्यापुढे केला. तिने एकच उचललं.

लातूरमध्ये शिकवण्यांचा जो भाग आहे तो पाहायला म्हणून कुणी जात नाही, पण एकदा संध्याकाळी चालून बघा. क्लास सुटला की रस्ता एकाच वयाच्या मुलांनी भरतो. पाठीवर सारख्या सॅक, गळ्यात ओळखपत्र. एवढी मुलं आणि एवढी शांतता मी फक्त एकदाच अनुभवली होती, ती त्या पत्र्याच्या शेडमध्ये.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, होस्टेलसमोरच्या चहाच्या टपरीवर दत्तू माझी वाट बघत बसला होता. गावात त्याची पिठाची गिरणी आहे. भुवयांमध्ये अजून पीठ होतं. पाया पडायला वाकला.

"ताई, चहा सांगू का?"

मी सरळ विषय काढला. दत्तूने बशी खाली ठेवली.

"उद्याच्याला टेस्ट हाय तिची. एक टेस्ट बुडली की पोरगं मागं पडतंय."

"एका दिवसाने काय होतं दत्तू? तिने वर्षभर टिकणारं काम केलंय."

"काम लई चांगलं केलं. मला ठावं न्हाई का? पण ताई, राग येऊ देऊ नका. तुमचं पथक उन्हाळ्यात यायचं. तुमचे बूट मला आजून आठवतेत, शेडात एवढा फुफाटा आन बूट आरशावानी. आमी पोरं त्यात तोंड बघायचो. जून लागला की बूट गेले. आमी तिथंच होतो." तो शांतपणे बोलत होता. "सेवा करणाराला जाता येतंय. माज्या पोरीला तसं कायतरी पायजे, कुठंबी जाता येईल आसं."

मी कप ठेवून फाटकाकडे गेले.

रविवारी दुपारी मुलींना थोडा वेळ फाटकापर्यंत येता येतं. ऋतुजा आली. मागच्या उन्हाळ्यात दहावीची परीक्षा देऊन तिने शिबिराचा पूर्ण महिना मुलींना सायकल शिकवली होती, भंगारातून दुरुस्त केलेल्या दोन सायकलींवर. गावात सातवीपर्यंतच शाळा, पुढची शाळा लांब. म्हणून मुली घरी बसायच्या. यंदा त्या सायकलवर जातात. उज्ज्वलाने पाठवलेल्या फोटोत ऋतुजा एका सायकलचं कॅरिअर धरून धावत होती, तोंड उघडं, वेणी उडालेली. माझ्यासमोर उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांखाली काळं होतं आणि ती गजाला टेकून उभी होती.

"आत्या, सन्मान दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली.

"तसं करता येत नाही गं. तुझा आहे."

तिने वडलांकडे पाहिलं. ते टपरीवरच होते. "मग पप्पांना वर यायला सांगा. सुट्टीसाठी पालकांना ऑफिसात येऊन सही करावी लागते, ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. माझी खोलीपण तिथेच. वर्ष होत आलं, ते एकदाही वर आले नाहीत. त्यांनी एकदा बघावं. मग म्हणतील ते करीन."

मी परत जाऊन दत्तूला सांगितलं. त्याने आधी टेस्टचं कारण पुढे केलं, मग गिरणी बंद आहे म्हणाला, मग चपला तुटल्यात म्हणाला. आणि मला कळलं. भूकंपातून वाचलेली त्या गावांतली कितीतरी माणसं अजून अंगणात झोपतात, घर सिमेंटचं असलं तरी. दत्तूही झोपतो. त्याने लेकीची बॅग वॉचमनकडे दिली होती, फी खालूनच मोबाइलवर भरली होती, डबे खालून पाठवले होते. ज्या इमारतीत त्याचा पाय पडत नव्हता, तिच्या तिसऱ्या मजल्यावर त्याने पोरगी ठेवली होती.

"मी येते बरोबर," मी म्हणाले.

तो उठला. जिना अरुंद होता, दोन माणसं शेजारून जाणार नाहीत असा. ऋतुजा आधीच वर गेली होती. दत्तू पुढे, मी मागे. त्याचा उजवा हात भिंतीवर सपाट होता, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या वळणावर कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली आणि भिंत घुमली. दत्तू खाली बसला.

वरून मुली उतरत होत्या. "काका, थोडं सरका ना," एकजण म्हणाली. त्याने पाय जवळ घेतले. त्या ओलांडून गेल्या.

"ताई, आमचं माळवद होतं," तो म्हणाला. "वर निसती माती. मी आन माजी बहीन शकू एका वाकळंत होतो. शकूचा हात माज्या हातात होता. तिचा आवाज बंद झाला, तरी हात होता."

शेडमध्ये अख्खा उन्हाळा मी या मुलाला बोलतं करायचा प्रयत्न केला होता. तो आज बोलला होता, आणि मी फक्त त्याच्या खालच्या पायरीवर बसू शकले.

मोटर थांबली. तो कठडा धरून उठला.

खोलीचं दार सताड उघडं होतं, कारण ते बंदच होत नव्हतं. ऋतुजाची कॉट अर्धी खोलीत आणि अर्धी बाहेर, बरोबर चौकटीखाली होती आणि ती तिच्यावर बसली होती. जायचं तर कॉटवरूनच जावं लागत होतं. आतल्या तीन मुली पुस्तकांतून वर बघत होत्या.

"काका, ही आमची वॉचमन," त्यातली एक म्हणाली. "रात्रभर दारात जागी."

"ही कॉट हितं कशाला?" दत्तूने विचारलं.

"तुम्हीच सांगितलं होतं ना पप्पा. घर हाललं की चौकटीत उभं राहायचं."

"घर हाललं का?"

"रोज हालतं." मग ती हळू म्हणाली, "कुणालाच कळत नाही. मलाच हालल्यासारखं होतं. डोळा लागला की होतं."

दत्तूने वाकून कॉटच्या लोखंडी पायावर हात ठेवला. मग ऑफिसात जाऊन त्याने सही केली. तिथल्या मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "एकच दिवस हां. सगळ्यांनाच सत्कार आहेत हो, पण सीट थोड्यांनाच."

दुसऱ्या दिवशी आम्ही औशावरून गावात गेलो. वाटेत उजनीला बासुंदी मिळते, ती चुकवू नका. आम्ही थांबलो, पण तिघांचीही अर्धी अर्धी उरली. नवं गाव आखीव आहे, गल्ल्या सरळ, घरं एकसारखी. जुन्या गावाच्या जागी बाभळी आहेत. तिथे फोटो काढायला जाऊ नका. जायचंच असेल तर कुणाला तरी विचारून, बरोबर घेऊन जा.

मुली सायकलींवर वेशीपर्यंत आल्या होत्या. "ऋतुजाताई, मी आता एक हात सोडून चालवती!" एक ओरडली आणि लगेच पडली. सगळ्या हसल्या. ऋतुजाही हसली, मला वाटतं त्या दोन दिवसांत तेवढी एकदाच. शेड आता पक्कं आहे, पण वर पत्राच ठेवलाय. मी तिच्या गळ्यात पथकाचा रुमाल बांधला, हातात मानपत्र दिलं. टाळ्या झाल्या. सरपंच लांबलचक बोलले, त्यात तिला दोनदा भावी डॉक्टर म्हणाले. ती खाली बघत होती. दत्तू शेडच्या कडेला उन्हात उभा होता.

संध्याकाळी तिने रुमाल घडी करून आईजवळ दिला आणि वडलांच्या गाडीवर मागे बसली. ती रडेल, जाणार नाही म्हणेल, असं मला आणि उज्ज्वलाला वाटत होतं. तिने फक्त सॅक पोटाशी घेतली. गाडी वळली तेव्हा दत्तू मला म्हणाला, "पैसे भरलेत ताई. मागं आणता येत न्हाई."

मी पुण्याला परतले. घामोळं दोन आठवडे राहिलं. लोक विचारतात, ट्रिप कशी झाली? मी बासुंदीबद्दल सांगते.

जूनमध्ये उज्ज्वलाकडून कळलं, की दत्तूने गिरणी चुलतभावाला चालवायला दिली आणि लातूरच्या कडेला पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली. ऋतुजा क्लासला तिथून जाते. तो दिवसा मोंढ्यात धान्य तोलायच्या कामाला जातो. पत्रा तापतो, पावसात पुस्तकं भिजतात, आणि गावी तिची आई एकटी आहे. हे चांगलं झालं की वाईट, मला अजून सांगता येत नाही.

मग थंडीत एका दुपारी दत्तूचाच फोन आला.

"ताई, हळू बोला," तो कुजबुजला.

"का रे? काय झालं?"

"झोपलीय."

"क्लास नाही का आज?"

"हाय. चालू झाला आसंल." पलीकडे दार हळूच लोटल्याचा आवाज आला. "न्हाई उठवलं."

"मग फोन कशाला केलास?"

"कुणाला तरी सांगावं वाटलं," दत्तू म्हणाला.