थंडीची टेस्ट

पोस्टिंग आलं तेव्हा मी अमेरिकन नेव्हीत पेटी ऑफिसर फर्स्ट क्लास होतो. ट्रेड डॅमेज कंट्रोल. म्हणजे जहाजावर आग लागली की सगळे जिथून पळतात, तिथे आम्ही शिरायचं. ऑर्डर एका ओळीची होती: दोन वर्षं एक्सचेंजवर, कॅनडाच्या एका युद्धनौकेवर, फ्रिगेटवर, बंदर हॅलिफॅक्स. मी मूळचा नागपूरचा. पंधराव्या वर्षी आईबाबांबरोबर अमेरिकेत आलो, एकोणिसाव्या वर्षी भरती झालो. थंडी काय चीज असते ते हॅलिफॅक्सच्या धक्क्यावर पहिल्याच सकाळी कळलं. नाकातले केस गोठतात हो, खोटं नाही सांगत.

जहाज जुनं होतं. नवी जहाजं बांधायची कॅनडात तेव्हाही चर्चाच चालली होती. कुठल्या यार्डात बांधायची, डिझाइन कोणाचं घ्यायचं, मेसमध्ये रोज हाच विषय. तोवर जुन्या जहाजावर नवं सामान चढवत होते. आमच्या वाट्याला आले हवेचे नवे सेट. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क, मध्ये एक व्हॉल्व्ह. अमेरिकन कंपनीचा माल. धुरात शिरणाऱ्या माणसाचा जीव त्या व्हॉल्व्हच्या हाती.

माझा जोडीदार मास्टर सेलर ल्यूक. न्यूफाउंडलंडच्या मच्छीमाराचा मुलगा. आगीत तो पुढे पाण्याच्या होजचं नोझल धरून, मी मागे त्याच्या खांद्यावर हात ठेवून. ‘गजभिये’ त्याच्या जिभेला झेपेना, म्हणून मी ‘गज’. एकदा मी जहाजाच्या स्वयंपाकघरात, गॅलीत, सावजी चिकन केलं. खाताना तिखटाने ढसाढसा रडला आणि दुसऱ्या दिवशी भांडं घेऊन पुन्हा हजर. असा माणूस.

रोज 0900 ला ड्रिल. ड्रिलनंतर कंपनीच्या सूचनांच्या कार्डाप्रमाणे मास्क आणि व्हॉल्व्ह गोड्या पाण्यात धुवायचे, झटकायचे, टांगायचे. अमेरिकेत नॉरफोकच्या तळावर मी हे शेकडो वेळा केलं होतं. तिथे तासाभरात सगळं खडखडीत वाळतं. कॅनडाच्या पोरांना जुने सेट फडक्याने पुसून हवेच्या नळीने फुंकायची सवय होती.

“गज, हे असं ओलंच टांगायचं?” ल्यूकने एकदा विचारलं.

“कार्डावर तसंच लिहिलंय.”

त्याने ओला सेट खुंटीला लावला. कार्डापुढे बोलायचं नाही, ही मला लागलेली अमेरिकन शिस्त. त्याच्या सेटचं लॉकर हेलिकॉप्टरच्या हँगरलगतच्या पॅसेजमध्ये होतं, तिथे हीटिंग नव्हतं. माझा सेट आत ऑफिसात, उबेत.

फेब्रुवारी, नॉर्थ अटलांटिक. सकाळी ड्रिल झालं. सगळे सेट मी माझ्या हाताने धुतले. 1420 ला स्पीकरवर पाइप झाला: “फायर, फायर, फायर. हँगर पेंट लॉकर.” 1424 ला आम्ही दोघं मास्क लावून सिलिंडरच्या हवेवर. हँगरच्या दाराशी रेडिओ घेऊन सब-लेफ्टनंट टेसिये उभी होती, जहाजावर येऊन तिला महिनाही झाला नव्हता.

“अटॅक टीम, एंटरिंग,” ल्यूक म्हणाला.

“रॉजर. एंटरिंग,” टेसिये.

आत काही दिसत नव्हतं. थोड्याच वेळात ल्यूकच्या मास्कमधून फुस्स आवाज सुरू झाला. व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, हवा नुसती वाहून चालली होती. मग त्याची लो-एअरची शिट्टी. अर्धा तास पुरणारं सिलिंडर काही मिनिटांत संपत आलं! मी त्याचा पट्टा ओढला, मागे वळ. तो वळला आणि त्याचा पाय होजमध्ये अडकला. शिट्टी थांबली. हवा संपलेला मास्क तोंडावर कोणी ठेवू शकत नाही, तोही ठेवू शकला नाही. दार आमच्यापासून चार पावलांवर होतं. मी त्याला खेचत बाहेर आणलं तेव्हा 1433 झाले होते. 1510 ला डॉक्टरने हात थांबवले.

चौकशी झाली. व्हॉल्व्हमध्ये पाणी गोठलं, हे सगळ्यांनी मान्य केलं. कंपनीने पत्र दिलं की सेट नीट सुकवला नव्हता, चूक देखभालीची. रजिस्टरमध्ये त्या सेटसमोर नाव ल्यूकचं. मी उभा राहून सांगितलं, “सर, तो सेट मी धुतला. कार्डाप्रमाणे.” त्यांनी लिहून घेतलं. निकालात ते वाक्य आलंच नाही. ल्यूकच्या आईला जो कागद गेला त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या मुलाने स्वतःचा सेट सुकवला नाही.

निकालाला जोडलेल्या कागदांत कंपनीने केलेल्या टेस्टची यादी होती. ‘ओला व्हॉल्व्ह, गोठणबिंदूखाली’ यासमोर शेरा: आधीच्या मॉडेलसारखाच, टेस्टची गरज नाही. खाली सही. मराठी नाव. मी ते तीनदा वाचलं. डोक्यात अशी तिडीक गेली की कागद टेबलावर ठेवून मला बाहेर जावं लागलं.

रिटायर झालो आणि अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहायला आलो. मुलीची शाळा, बायकोची नोकरी, मला फायर ट्रेनिंग सेंटरवर इन्स्ट्रक्टरचं काम. मराठी मंडळाच्या पिकनिकला एक गृहस्थ प्लेट घेऊन पुढे आले. “तुम्ही नेव्हीत होता ना? वा! आपला माणूस! मी मोहन, इथेच सेफ्टी इक्विपमेंटमध्ये आहे. घ्या, बटाटेवडा गरम आहे.” छातीवरच्या बिल्ल्यावर आडनावासकट पूर्ण नाव होतं, सहीखालचं तेच. मी वडा घेतला, खाल्ला, थँक यू म्हटलं. माणूस वाईट नव्हता, सगळ्यांना हौसेने वाढत होता. त्याचा मला जास्तच राग आला. घरी येऊन बायकोला म्हणालो, “याचं उट्टं काढल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.” ती म्हणाली, “काढा. पण हातापायी नको.”

संधी गेल्या वर्षी आली. कॅनडाच्या नव्या जहाजांसाठी सामान निवडायचं चाललं होतं आणि त्याच कंपनीने हवेच्या सेटचं सुधारित मॉडेल पुढे केलं. निवड करणाऱ्या टीममध्ये टेसिये होती, आता लेफ्टनंट कमांडर. कंपनी इथलीच, म्हणून ट्रायल आमच्याच सेंटरवर.

तिने फोन केला. “गज, ट्रायलच्या टेस्टची यादी बघितलीस?”

“बघितली, मॅम. थंडीची टेस्ट याही वेळी नाहीये.”

“तू करू शकतोस?”

“करतो.”

आमच्या मागच्या गल्लीत रमेशकाकांचं इंडियन ग्रोसरी स्टोअर आहे. त्यांच्या वॉक-इन फ्रीझरमध्ये उणे अठरा असतं. “टांगा की तुमचा सेट, त्यात विचारायचं काय!” काका म्हणाले. “फक्त माझ्या उकडीच्या मोदकांचे बॉक्स दाबू नका.” ट्रायलच्या दिवशी 0800 ला टेसियेसमोर मी सीलबंद पेटीतला सेट काढला. कंपनीचं नवं कार्ड मोठ्याने वाचलं. धुवा, झटका, टांगा. एक शब्द बदलला नव्हता. तसाच धुतला, झटकला, मोदकांशेजारी टांगला. तिने फ्रीझरच्या दाराला सील लावलं. 1200 ला तो सेट बर्फाच्या पेटीतून सेंटरच्या पार्किंगमध्ये आणला.

कंपनीकडून मोहनराव आले होते, आता व्हाइस प्रेसिडेंट. पेटी बघून जवळ आले.

“गजभिये, हे काय? हे प्लॅनमध्ये नाहीये.”

“तुमच्या कार्डावर आहे.”

“अरे यार, आपण एका गावात राहतो. आपली मुलं एका शाळेत जातात. आधी मला एक फोन करायचास ना.”

“ल्यूकला फोन करायला वेळ मिळाला नाही, मोहनराव.”

ल्यूक कोण हे त्यांनी विचारलं नाही. म्हणजे माहीत होतं.

मी सेट त्यांच्यापुढे धरला. “घाला. आग नाही, धूर नाही, उघडं पार्किंग आहे. नुसता श्वास घ्यायचाय.”

“मी ट्रेन्ड नाही.”

“मी ट्रेन करतो ना. तेच माझं काम. दोन मिनिटं लागतील.”

“सर, एनी रीझन नॉट टू?” टेसियेने शांतपणे विचारलं.

त्यांनी व्हॉल्व्हकडे पाहिलं. तोंडचं पाणी पळालं होतं. “आय वुड रादर नॉट,” असं म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले. टेसियेने ते शब्द आणि वेळ लिहिली. 1207.

मग मी घातला. चौथ्या श्वासाला व्हॉल्व्ह उघडा अडकला. तोच फुस्स आवाज, मग तीच शिट्टी. टेसिये घड्याळ धरून उभी होती. मी मास्क काढला नाही. मोहनरावांकडे बघत उभा राहिलो, सिलिंडर रिकामं होईपर्यंत. त्यांना बघू दे म्हटलं. सात मिनिटंही गेली नाहीत.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, मजा वाटली. ती वाटायला नको होती असं कोणी म्हणेल, म्हणू दे.

तो सेट नव्या जहाजांच्या यादीतून बाद झाला. टेसियेने तिचा रिपोर्ट जुन्या चौकशीला जोडायला लावला आणि त्याबरोबर माझा जबाब, या वेळी पूर्ण. काही महिन्यांनी निकाल दुरुस्त झाला. चूक व्हॉल्व्हची आणि कार्डाची. मोहनराव कंपनीतून बाहेर पडले, मंडळात येणं बंद केलं. स्टोअरमध्ये मी दिसलो की दुसऱ्या रांगेत जातात. मी मुद्दाम त्याच रांगेत जातो.

दुरुस्त कागद पोहोचल्यावर मी ल्यूकच्या आईला फोन केला. त्याची चूक नव्हती, त्याचा सेट मी धुतला होता, हे तिला माझ्या तोंडून सांगायचं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. माझ्यावर चिडली नाही. सही करणाऱ्या माणसाबद्दल विचारलं.

“त्याने घातला का तो?”

“नाही, मॅम. मागे सरकला.”

मग ती म्हणाली, “तू त्याला तो घालायला लावायला हवं होतंस.”

“येस, मॅम,” मी म्हणालो.