जिवंत आईचं श्राद्ध

मी काशीचा रामघाट सोडला तो भर सकाळी, सगळ्यांच्या देखत. पायऱ्यांवर आमच्याच गल्लीतली माणसं आंघोळ करत होती, आमच्या वेदपाठशाळेतले विद्यार्थी संध्येला बसले होते, पण माझ्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही. नाना, म्हणजे माझे वडील, घरातून खाली उतरलेच नाहीत. आली ती फक्त आत्या, नानांची विधवा बहीण. तिनंच मला वाढवलं होतं. मल्लाह नाव सोडायला लागला तेव्हा ती शेवटच्या पायरीपर्यंत आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अजूनही एक डुबकी मार आणि घरी चल. काही झालंच नाही असं म्हणू."

मी म्हणालो, "आत्या, आई जिवंत आहे."

"म्हणूनच सांगते आहे," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून वर निघून गेली.

रामघाटावर राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारख्या तिथून उठून गेलेल्यांसाठी हे लिहितो आहे. मी बाटलो म्हणून गेलो, असं तिथे आजही सांगतात. ते खरं नाही. मी आईकडे गेलो.

आई गेली असं मला सांगितलं तेव्हा माझी मुंज व्हायची होती. ती आणि नाना माघात प्रयागला गेले होते. नाना एकटे परत आले. "पटकीची साथ होती. सगळं तिथेच उरकावं लागलं," एवढंच म्हणाले. पुढे दर पितृपक्षात अविधवा नवमीला मी तिच्या नावानं पिंड ठेवत आलो. नाना शेजारी बसून मंत्र सांगायचे. त्यांचा आवाज कधी अडखळला नाही.

मोठा झाल्यावर मला शिकवणीचं काम मिळालं. गंगेपलीकडे, रामनगरच्या पुढे मिशनचा महारोग्यांचा आश्रम होता, काशीत त्याला कोढीखाना म्हणत. तिथे विलायतेहून नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. सगळे त्यांना मिसबाई म्हणत. त्यांना हिंदी शिकवायला पंडित हवा होता. नानांनी हरकत घेतली नाही, फक्त बजावलं, "शिकवून ये, पण तिथलं पाणी पिऊ नकोस." मी पीत नव्हतो. फाटकाजवळच्या खोलीत धडा द्यायचा, घाटावर परतून आंघोळ करायची, मगच घरात पाऊल टाकायचं. रोग्यांच्या बराकींकडे मी कधी फिरकलोही नव्हतो.

एका दुपारी मिसबाई धड्याला आल्या नाहीत. त्यांनी मलाच आत बोलावलं. एका बाईच्या पायाचा घाव त्या धूत होत्या. उघड्या हातांनी त्या बाईची टाच मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी तर दारातच थिजलो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पंडितजी, बुखार में ये सिर्फ अपनी बोली बोलती है. पूछिए, दर्द कहाँ तक है."

ती बाई मराठीत कण्हत होती. मी मराठीतच विचारलं. त्या बाईचं नाक बसलं होतं, भुवया गेल्या होत्या. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कुणाचे तुम्ही?"

मी नानांचं नाव सांगितलं.

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. मग अगदी घरातल्या आवाजात, जणू स्वयंपाकघरातून विचारावं तसं म्हणाली, "तुमच्या आत्याबाईंचे गुडघे आता कसे आहेत?"

मी भिंतीला टेकून खाली बसलो. मिसबाई काहीतरी विचारत होत्या, ते ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. तो चेहरा मी कधीच ओळखला नसता. आवाज मात्र तोच होता. मी "आई" म्हणालो की नाही, तेही मला आठवत नाही. घाटावर परत कसा आलो, आंघोळ केली का, तेही नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती, की मी पिंड ठेवत होतो तेव्हा ही याच गंगेच्या पलीकडे श्वास घेत होती.

नाना पाठशाळेत होते. विद्यार्थी जाईपर्यंत मी थांबलो.

"तिनंच सांगितलं होतं," ते म्हणाले. "हातावर चट्टे दिसले तेव्हा म्हणाली, मी मेले असं सांगा. पोराची मुंज होऊ दे, पाठशाळा चालू दे."

"आणि तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं. रामनगरला एका माळ्याकडे झोपडी घेऊन दिली. मल्लाहाबरोबर धान्य पाठवत होतो. मग एका पुरात झोपडी गेली. मल्लाह म्हणाला, तिथे कोणी नाही. तेव्हा मी खरंच ती गेली असं धरलं."

"धरलंत, की शोधलंत?"

आयुष्यभर ज्या माणसाचा एक स्वर चुकला नाही, तो पोथीच्या फडक्याला उगाच गाठी मारत बसला होता.

मी रोज आईकडे जायला लागलो. तिला बोटं उरली नव्हती, म्हणून घास मीच भरवायचो. एके दिवशी तिच्याच ताटात जेवलो. ही बातमी माझ्याआधी घाटावर पोचली. प्रायश्चित्त घे आणि तिकडे जाणं सोड, असं ज्येष्ठांनी सांगितलं. मी नाही म्हटलं. त्यानंतरची ती सकाळची नाव.

आश्रमात मला पट्ट्या बांधायचं काम मिळालं. घासलेटच्या वासाच्या खोलीत लोखंडी खाट, सकाळी घंटा, मग प्रार्थना. मला त्या प्रार्थनेत काही कळायचं नाही. वेद शिकलेल्या माणसाला सगळं मिळवावं लागतं, व्रतानं, नेमानं, पुण्यानं, एवढंच ठाऊक. तिथले पाद्री, आझमगडकडचे एक साधे गृहस्थ, सारखं 'कृपा' म्हणायचे. मी एकदा चिडून आईला विचारलं, "काही न करता मिळतं म्हणजे काय?"

ती म्हणाली, "पुरानंतर मी या फाटकाशी पडले होते. गेल्या जन्मी तू काय पाप केलंस, हे मला घरी, रामनगरला, वाटेत, सगळीकडे विचारून झालं होतं. इथे कोणी विचारलं नाही. उचललं आणि आत नेलं. पाद्रीबाबा सांगतात, येशूनं महारोग्याला आधी हात लावला आणि मग बरं केलं. मी बरी झाले नाही. पण हात लागला." तिनं तिथेच बाप्तिस्मा घेतला होता. मी पुढे बऱ्याच वर्षांनी घेतला. कोणी आग्रह केला नाही.

काही महिन्यांनी नाना आले. ऐन उन्हात, पायी, फाटकाबाहेरच्या निंबाखाली येऊन उभे राहिले. आई ओसरीवर आली. मला वाटलं, आता ती सगळं बोलेल. मलाच ते ऐकायचं होतं.

तिनं विचारलं, "जेवलात का?"

नानांनी नाही म्हणून मान हलवली. बाहेर त्यांना काहीच चालत नसे, हे तिला माहीत होतं. ती मला म्हणाली, "मागच्या केळीचा घड पिकलाय. तू विहिरीवर हातपाय धू आणि त्यांना घड दाखव, ते स्वतः तोडतील. आपण कोणी हात लावायचा नाही."

नानांनी स्वतः केळी तोडली आणि उभ्यानंच खाल्ली. खाता खाता ते रडत होते, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. मग ते म्हणाले, "तू मला काही बोलत का नाहीस?"

"पुष्कळ वर्षं मनात बोलले, तेव्हा तुम्ही नव्हतात," आई म्हणाली. "आता मला सगळं फुकट मिळालंय. तुमच्याकडून वसूल कशाचं करू?"

नाना परत गेले. त्या पितृपक्षात अविधवा नवमीला आमच्या घरी ब्राह्मण आले, सवाष्ण आली, आणि नानांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आज पान वाढायचं नाही. ती जिवंत आहे. मी खोटं सांगितलं होतं." हे मला नंतर आत्यानं सांगितलं. पाठशाळा महिन्याभरात रिकामी झाली. नानांना कुठलं आमंत्रण येईना. मी पुष्कळ विनवलं, तरी ते आश्रमात राहायला आले नाहीत. रामघाटावरच राहिले, आणि दर आठवड्याला नावेनं आईला भेटायला येत राहिले.

आई एका थंडीत गेली, या वेळी खरोखरच. मिशनच्या कबरस्तानात तिला पुरलं. नाना तिथे जानव्यानिशी, उघड्या अंगानं उभे होते, आणि पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हणताना त्यांच्यासाठी जागा करून दिली. आता नानाही नाहीत, आत्याही नाही.

मला रामघाटाची आठवण येत नाही असं नाही. पहाटेचा तो वेदघोष, संकठादेवीच्या दारातल्या फुलांचा ओला वास, मुख्य म्हणजे मराठी, जी आता माझ्याशी बोलायला कोणी उरलं नाही. माझी मुलं हिंदीच बोलतात. तरीही बाजारात कोणी विचारलं, "आपका घर कहाँ है?" तर मी कोढीखाना सांगतो. विचारणारा जरा मागे सरकतो. मी त्याला पुरतं मागे सरकू देतो, मग सांगतो, "माझी आई तिथे होती."