खिडकीतली परात

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या मंडईत वांगी निवडत होते. पलीकडून दाजी एवढंच म्हणाले, "शोभा, तुझी आक्का गेली गं," आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कुणीतरी रडत होतं, कारखान्याकडे निघालेला एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी वाजवत चालला होता... माझ्या हातात जांभळं, तुकतुकीत वांगं होतं. असल्या वांग्यांना आक्का "पॉलिश केलेली" म्हणायची. ते परत ढिगात ठेवलं आणि माळेगावची वाट धरली.

आम्ही दोघीच बहिणी, वरकुट्याच्या. आईवडील गेले, भाऊ नव्हता, घरही पडलं. माहेर म्हणून उरलं होतं ते एक वांगं. आईच्या परसातलं, पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचं, देठाला काटे असलेलं. आक्का लग्नानंतर त्याचं बी माळेगावला घेऊन गेली आणि घरामागच्या तुकड्यात दरवर्षी लावत राहिली. चहूबाजूंनी ऊस आणि मध्ये हिचे चार वाफे. उन्हाळ्याच्या तोंडाला मला पिशवीभर वांगी यायची. मी फ्लॅटमध्ये राहणारी, बाल्कनीत कोथिंबीरही धड न उगवलेली बाई. पण ती भाजी तोंडात गेली की आईनं ताट वाढल्यासारखं वाटायचं. आक्का असताना मला बी जपून ठेवायचं कशाला सुचेल?

थंडीत बाहेर बी लवकर रुजत नाही, आणि रुजलंच तर कोंबड्या शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून आक्का रोपं घरातच करायची. भोकं पडलेली जुनी जर्मनची परात, तीत शेणखत घालून चाळलेली माती. बी आधी ओल्या फडक्यात बांधून फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर ऊब घ्यायला ठेवायची. दाजी म्हणायचे, "माझ्या सदऱ्याला इस्त्री न्हाय, पर हिच्या वांग्याला गरम गादी हाय." बियांना मोड आले की त्या परातीत जायच्या आणि परात स्वयंपाकघराच्या खिडकीत. रोपं उजेडाकडे कलतात, म्हणून रोज सकाळी चहा झाला की परात अर्धी फिरवायची. हे तिनं एक दिवस चुकवलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला नेताना गाडीत बसवली, तर काचेतून डोकं बाहेर काढून दाजींना सांगत होती, "आवं, परात तेवढी फिरवत जावा." दाजींचा जन्म कारखान्याच्या बॉयलरपाशी गेलेला, त्यांना मेथी आणि शेपू वेगळी ओळखता यायची नाही. पण परात त्यांनी फिरवली.

यंदा परातीत माती भरून झाली होती. बी भिजत घालायच्या आधीच ती गेली.

बी असायचं फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात, राखेत मिसळून. राखेत बियांना कीड लागत नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो डबा शोधायला लागले, कारण त्या घरातून मला दुसरं काहीच नको होतं. फळी रिकामी होती. आक्काची जाऊ, सिंधूवहिनी, मागे पातेली पालथी घालत होती. तिला विचारलं.

"त्यो राखंचा डबा व्हय?" ती म्हणाली. "काल पातेली काळी ठिक्कर पडली हुती, साबनानं निघंनात. तुमच्या आक्कानं राख अशी मऊ चाळून ठिवलेली... लई उपेग झाला बगा."

तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ती बाई इतके दिवस कंबर मोडेस्तोवर राबत होती. मी धुतलेल्या पातेल्यांकडे बघत उभी राहिले. आईचं वांगं त्या पातेल्यांबरोबर घासून निघालं होतं. दारात दाजी उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी खुरपं आणलं, भांडी घासायच्या जागेवरची ओली माती खरवडली आणि परातीत नेऊन टाकली.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "शोभा, रोपं वर आलीत." आक्का गेल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी पहिल्या एसटीनं निघाले. वाटेत स्वतःला बजावत होते, आशा धरू नकोस... पण धरली. रोपांना नुकतीच खरी पानं फुटली होती, सगळी किंचित खिडकीकडे कललेली. एक पान बोटांत चुरगाळलं आणि वास घेतला. टोमॅटो. तेराव्याच्या कोशिंबिरीतले, बाजारातून आणलेले. एकेक रोप पाहिलं. त्यात वांग्याचं एकही नव्हतं.

एकट्या पडलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? दाजींनी चहा केला, आम्ही तो घेतला. मग ते उठले आणि परात दोन्ही हातांनी धरून त्यांनी सावकाश अर्धी फिरवली.

"टमाटी हायती," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "तुला फोन केल्यावर मग कळलं. शेजारच्या तात्यांनी सांगितलं."

"मग दाजी, कशाला..."

"बंद करा म्हनून ती कुठं म्हनली?"

त्यांनी कपबशा उचलून मोरीत नेल्या. परातीतली रोपं आता खिडकीकडे पाठ करून आत, आक्का नसलेल्या स्वयंपाकघराकडे वाकली होती.