मामलेदारांपेक्षा मोठा बंब

शेजारच्या मामलेदारांकडे पाणी तापवायला तांब्याचा बंब आला, तेव्हा ठाण्याच्या कचेरीतला साधा कारकून असूनही मी त्याहून मोठा बंब आणायला कल्याणला गेलो. तिथल्या म्हाताऱ्या तांबटाचं नाव मी विचारलं नाही. तो प्रत्येक बंबावर टिचकी मारी आणि डोळे मिटून नाद ऐके.

मी सर्वांत मोठ्या बंबाकडे बोट दाखवलं.

"घरात माणसं किती, रावसाहेब?"

"मी आणि बायको."

"विहिरीचं पाणी कोण शेंदतं?"

"बायकोच की."

त्याने एक लहान बंब पुढे सरकवला. "मग हा न्या. तो भरता भरता बाईंची कंबर मोडेल."

गिऱ्हाइकाच्या घरातल्या बाईचा विचार करणारा विक्रेता मला पुन्हा भेटला नाही. पण 'रावसाहेबां'ना लहान बंब शोभेना, म्हणून मी मोठाच आणला.

पहिल्या दिवशी बायकोने अकरा घागरी ओतल्या. दुसऱ्या दिवशी तिने विहिरीचा दोर माझ्या हातात दिला.

आता मामलेदार येऊन लखलखीत बंबाचं तोंडभरून कौतुक करतात आणि मी रोज विहिरीवरच गार पाण्याने आंघोळ उरकतो.