तिसरी शिट्टी

बाळांनो, आपल्या खालच्या मजल्यावरच्या सुनंदाने शिवणाचं मशीन परवा घरातून हलवलं. कोपऱ्यावर तिने छोटासा गाळा भाड्याने घेतला आहे. "घरात काय कमी होतं? महिन्याभरात परत येशील," असं तिच्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. सुनंदाने मशीनचे पाय तेवढे पुसून घेतले.

आज ब्लाउजचं माप द्यायला गेले, तेव्हा ती बाही जोडत होती. एवढ्यात गाळ्याच्या वर राहणाऱ्या कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. सुनंदाचे पाय थांबले आणि ती चक्क उठून उभी राहिली. मग ओशाळून हसली.

"आजी, बारा वर्षं शिट्ट्या मोजत शिवलंय हो."

सामान एका टेम्पोत हलतं. अंगात मुरलेलं घर इतक्या सहज हलत नाही. निवृत्तीनंतर मीसुद्धा कितीतरी दिवस साडेनऊला पर्स घेऊन दाराशी जात असे.

दुसरी शिट्टी झाली. सुनंदाने मान वर केली, पण ती उठली नाही. तिसरी झाली तेव्हा मशीन चालूच होतं, आणि बाहीवरची शिलाई सरळ पुढे जात होती.