मणी सरकवण्याचं शास्त्र

मुलगी बघायला जाताना माणसाने आपलं शास्त्र घरी ठेवून जावं. मी ते बरोबर नेलं.

मुंबईतला गिरण्यांचा संप होऊन गेला होता, ओरोसला जिल्ह्याच्या कचेऱ्या नुकत्या थाटत होत्या आणि मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत यीस्ट वाढवत होतो. (पाव फुगतो तो त्यानेच. माझं डोकंही त्याच सुमारास फुगलं.) माझा विषय क्रोमॅटिन. सुट्टीत गावी, देवबागला आलो की आई विचारायची, म्हणून एकदा तिला समजावलं, "पेशीत एक लांबलचक धागा असतो, तो मण्यांवर गुंडाळलेला असतो. ते मणी कोण सरकवतं, ते आम्ही शोधतो." आईने त्यातला धागा तेवढा उचलला आणि बाबांचे चुलतभाऊ बापूकाका स्थळ घेऊन आले तेव्हा अभिमानाने सांगितलं, "झील धाग्याच्या कामात आसा." बापूकाकांनी मुलीकडे कळवलं, "मुलगा मिलमध्ये मोठ्या हुद्द्यावर!"

तर आई, बाबा, बापूकाका आणि मी असे चौघे एसटीने ओरोसला, सरकारी क्वार्टर्समध्ये, परबसाहेबांकडे पोचलो. ते कचेरीत हेडक्लार्क. त्यांची मुलगी सुनंदा चहा आणि खाजा घेऊन आली, समोर बसली, एकदा वर बघून हसली. मला ती आवडली. अगदी मनापासून आवडली. नसती आवडली तर मी गप्प बसलो असतो आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

"मिल चालू आहे ना तुमची?" परबसाहेबांनी विचारलं. "की अजून संपच?"

"मिल? कसली मिल?"

परबसाहेबांनी बापूकाकांकडे पाहिलं. बापूकाका पंख्याकडे पाहू लागले.

"मी क्रोमॅटिनवर संशोधन करतो," मी म्हणालो. "म्हणजे मुख्यतः यीस्टवर. काही प्रथिनं बिघडली की पेशीला साखर पचवण्याचा हुकूमच वाचता येत नाही. आमच्याकडे असे पुष्कळ आहेत. साखर खाऊच शकत नाहीत!"

मुलीच्या आईचा चेहरा उतरला. "पुष्कळ म्हणजे? घराण्यात किती जणांना आहे?"

"अहो, घराण्यात नव्हे, प्रयोगशाळेत..."

"ह्येका काय्येक नाय हां!" बापूकाका मदतीला धावले. (अशी मदत वैऱ्यालाही मिळू नये.) "ह्येच्या आत्येक तेवढी साखर आसा!"

मुलीच्या आईने माझ्या पुढ्यातला कप हळूच उचलला आणि बिनसाखरेचा चहा आणायला आत गेल्या. झालं! मी आधी बेकार गिरणी कामगार होतो, आता मधुमेहीही झालो. शहाण्या माणसाने इथे हात जोडले असते. मी समजावून सांगायला घेतलं.

आई शेजारीच बसली होती. मी तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र दोन बोटांत धरलं.

"हे बघा, हा दोरा म्हणजे डीएनए. हे काळे मणी म्हणजे प्रथिनं." (खरा धागा मण्याच्या आतून जात नाही, बाहेरून वेटोळे घालतो. पण आमच्या सोनाराला हे कोणी सांगितलं नव्हतं.) "मण्याखाली दडलेला मजकूर पेशीला वाचता येत नाही. मग एक एन्झाइम येतं, ताकद खर्च करतं आणि मणी बाजूला सरकवतं. मजकूर उघडा!"

"अस्सं!" परबसाहेब पुढे सरकून बसले. त्या 'अस्सं'ने माझा घात केला.

"आणि गंमत म्हणजे, धागा अजिबात तुटत नाही! हे बघा!"

मणी हलेना. एन्झाइमप्रमाणे मीही ताकद खर्च केली.

टक्!

मणी कोचाखाली गेले, चटईवर गेले, दोन तर परबसाहेबांच्या चहात गेले.

"तुटलं!" मी ओरडलो.

"तुटला म्हणू नको रे मेल्या!" आई किंचाळली. "वाढला म्हण! वाढला!"

सवाष्णीचं मंगळसूत्र तुटत नाही, 'वाढतं', हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण संशोधकाला चुकीची नोंद कशी खपणार? "अगं आई, वाढलं कसं? उलट आखूड झालं!"

सगळ्यांनी एकदम बाबांकडे पाहिलं.

"माका कित्याक बघतास?" बाबा म्हणाले. "मी आसंय!" आणि नेमका त्याच क्षणी त्यांना खाज्याचा ठसका लागला.

काय विचारता! आई "देवा रवळनाथा" म्हणत रडायला लागली, बापूकाका बाबांच्या पाठीत बुक्के घालू लागले, परबसाहेब "डॉक्टर! डॉक्टर!" ओरडत दारात गेले. (मी होणारा डॉक्टरच होतो, पीएच.डी.चा, पण माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.) सुनंदाने पाणी आणलं. बाबा घोटभर प्यायले, डोळे पुसले आणि म्हणाले, "खाजो कडक आसा." तो मुलीच्या आईने घरी केलेला होता.

मी तोंड लपवायला कोचाखाली शिरलो, निमित्त मणी शोधण्याचं. दुसऱ्या बाजूने सुनंदाही मणी वेचत होती.

"ते एन्झाइम तुम्ही पाहिलंय?" तिने हळूच विचारलं.

"नाही. अजून कोणीच धड पाहिलेलं नाही."

"म्हणजे एवढं सगळं न पाहिलेल्यासाठी?"

(आता पाहिलंय. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला जमते तशी प्रथिनांची टोळीच असते ती. त्यातलं एक प्रथिन इंधन जाळून धागा ओढतं, बाकीची साथीला.)

परतीच्या एसटीत बापूकाकांनी निकाल दिला, "ह्या स्थळ गेला." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. खोटं कशाला सांगू, पोटात तुटत होतं. ('वाढत होतं' म्हणायची तेव्हा सोयच नव्हती.)

आठवड्याने बापूकाका धापा टाकत आले. "होकार इलो! होकार!"

माझी छाती फुगली. शेवटी विद्वत्तेची कदर झाली तर! "काय म्हणाली ती? माझ्या संशोधनाबद्दल?"

"संशोधन खंयचा?" बापूकाका म्हणाले. "चेडू म्हणता, ज्या घरात झिलाचा कोणच ऐकणा नाय, त्या घरात माजो निभाव बरो लागात."

आमच्या लग्नाला आता पुष्कळ वर्षं झाली. एकाच भेटीत, एकाच नमुन्यावरून इतका अचूक निष्कर्ष मला अख्ख्या कारकिर्दीत काढता आलेला नाही.