गुडघ्यावरचा हात

सांगोल्याहून सोलापूरला येणाऱ्या सकाळच्या एसटीत ती मुलगी बहुतेक माझ्या शेजारीच बसायची. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी मिळणार होती, म्हणून ती सोलापुरात जपानी शिकायला यायची. शब्द पुटपुटताना स्वतःचाच गुडघा दाबायची.

"इताई म्हंजे दुखतंय. इताकुनाई म्हंजे दुखत न्हाय. इताकात्ता, दुखत हुतं," तिनं एकदा मला समजावलं. "तितल्या म्हाताऱ्यांचं दुखणं मला कळाय पायजे की."

घरी सराव कसा करतेस, असं मी विचारलं.

"संध्याकाळी आईचे पाय चेपती. चेपताना तिला जपानीतच विचारती."

मग एक दिवस ती मोठी बॅग घेऊन चढली. नोकरीवर निघाली होती. सोलापूरपर्यंत पोचवायला आई सोबत होती. दांडा धरून, पायरीवर थांबत थांबत आई वर आली. सीटवर टेकताना तिनं ओठ घट्ट मिटले. मुलीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "इताई?"

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इताकुनाई."

सोलापूर येईपर्यंत मुलीनं तो हात उचलला नाही.